लिव्हरपर्यंत पसरलेला कॅन्सर: पेट स्कॅन केला म्हणजे सगळं दिसलं का?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालेलं असतं. त्यात सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ येते, लिव्हरवर दोन डाग दिसतायत. घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप हलतो. कुणीतरी सांगतं, "बाकीचं सोडा, सरळ पेट स्कॅन करून टाका. तो सगळ्यात मोठा असतो, सगळं शरीर दिसतं."

पेट स्कॅन महाग असतो, हे खरं. पण लिव्हरमधले बारीक डाग मोजायचे असतील तर त्याच्यापेक्षा एमआरआय बरंच जास्त दाखवतो. ऑपरेशन करायचं की नाही, हे अनेकदा त्या बारीक डागांवरच ठरतं.

झालं काय, तर मोठ्या आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं. त्यामुळे तिथून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशींचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा लिव्हरच असतो. "लिव्हरमध्ये पसरला" हे ऐकून माणसं हातपाय गाळतात. पण आतड्याच्या कॅन्सरमध्ये काही पेशंटच्या लिव्हरमधला तेवढा भाग कापून काढता येतो, उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं आणि त्यातले काहीजण पूर्ण बरेही होतात. त्यासाठी सर्जनला डाग किती, कुठे आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या किती जवळ आहेत, हे नेमकं माहीत लागतं.

सुरुवात सीटी स्कॅननेच

लिव्हरला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं, उरलेलं धमनीतून. कॅन्सरच्या गाठी मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढतात. म्हणून हातातल्या शिरेत कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन साधारण ७० सेकंदांनी फोटो काढले, की चांगलं लिव्हर उजळतं आणि आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी काळपट दिसतात. सगळी गंमत या टायमिंगची आहे. इंजेक्शन न देता केलेला 'प्लेन' सीटी या कामासाठी जवळपास निरुपयोगी.

याच सीटीमध्ये छाती आणि पोटही तपासून होतं, वेळही थोडा लागतो. अडचण येते ती एक सेंटीमीटरपेक्षा लहान डागांची. ती साधी पाण्याची गाठ आहे की कॅन्सर, हे सीटीवरून अनेकदा सांगताच येत नाही. आणि लिव्हरवरचा प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतो. पाण्याच्या गाठी आणि रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी गोळे कितीतरी धडधाकट लोकांमध्ये असतात.

एमआरआय कशासाठी?

लिव्हरच्या एमआरआयसाठी एक खास कॉन्ट्रास्ट मिळतो, गॅडोक्सेटेट. तो लिव्हरच्या चांगल्या पेशी शोषून घेतात. २० मिनिटांनी फोटो काढला, की लिव्हर पांढरं आणि बाहेरून आलेली गाठ काळी दिसते, कारण तिच्यात लिव्हरच्या पेशीच नसतात. त्याच्या जोडीला पाण्याच्या कणांची हालचाल मोजणारे डिफ्युजनचे फोटो असतात. दोन्ही मिळून काही मिलिमीटरचे डागही सापडू शकतात.

याने फरक किती पडतो? नेदरलँड्स, बेल्जियम, नॉर्वे आणि इटलीतल्या हॉस्पिटल्समध्ये कॅमिनो नावाचा अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये छापून आला. सीटीवरून उपचार ठरलेल्या २९८ पेशंटचा एमआरआय केला, तर ९२ जणांचा प्लॅन बदलला. म्हणजे जवळपास दर तिसऱ्या माणसाचा. कुणाचं ऑपरेशन वाढलं, कुणाचं कमी झालं, कुणाचं रद्द झालं.

मग पेट स्कॅन?

पेटमध्ये किरणोत्सारी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी ती भराभर खातात आणि चमकतात. पण लिव्हर स्वतःही थोडं चमकतंच, त्या उजेडात लहान गाठ हरवते. चिकट द्रव तयार करणारे काही कॅन्सर फारसे चमकत नाहीत. शिवाय पेट-सीटीतला सीटी बऱ्याचदा प्लेन असतो, त्यामुळे "पेटमध्ये सीटी झालाच की" हे गृहीत धरू नये, विचारून घ्यावं.

कॅनडातल्या अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, लिव्हरचं ऑपरेशन शक्य असलेल्या २६३ पेशंटचा पेट-सीटी केला. त्यात २१ जणांच्या ऑपरेशनचा बेत बदलला, आणि पेट न केलेल्यांच्या तुलनेत आयुष्यमानात फरक दिसला नाही. पेटचा उपयोग लिव्हरच्या बाहेर बघायला होतो. मोठं ऑपरेशन करण्याआधी दुसरीकडे कुठे पसरल्याची शंका असेल, किंवा रक्तातला सीईए वाढतोय पण सीटी स्वच्छ आहे, अशा वेळी तो कामाला येतो.

केमोच्या आधी की नंतर?

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. केमो सुरू होते, तीन महिन्यांनी सीटी होतो आणि डाग गायब! घरात पेढे वाटायची वेळ. पण गायब म्हणजे मेलाच असं नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात सीटीवर दिसेनाशा झालेल्या ६६ डागांपैकी ५५ ठिकाणी कॅन्सर शिल्लक होता किंवा लवकरच परत आला.

केमोमुळे लिव्हरमध्ये चरबी साठू शकते. मग लिव्हरच काळपट होतं आणि काळे डाग त्यात लपतात. पेटचंही तसंच, केमोने गाठ साखर खाणं कमी करते आणि स्कॅन खोटं समाधान देतो. म्हणून ऑपरेशनची शक्यता असेल तर केमो सुरू होण्याआधीच चांगला एमआरआय करून ठेवलेला बरा. डाग पुढे दिसेनासा झाला, तरी तो कुठे होता हे सर्जनला त्यावरून कळतं. ऑपरेशनच्या वेळी थेट लिव्हरवर सोनोग्राफी ठेवून तिथे शोधता येतं.

कॅन्सर दुसरा असेल तर

उत्तर बदलतं. किडनीच्या किंवा न्यूरोएंडोक्राइन गाठी लिव्हरमध्ये गेल्या, तर त्या रक्ताने भरलेल्या असतात. त्या धमनीत कॉन्ट्रास्ट असतानाच, म्हणजे लवकर काढलेल्या फोटोत उठून दिसतात. न्यूरोएंडोक्राइनसाठी तर साखरेऐवजी गॅलियमचा वेगळा डोटाटेट पेट करतात.

अपॉइंटमेंट घेताना किडनीचा त्रास, मेटफॉर्मिनची गोळी, आधीची ॲलर्जी, पेसमेकर हे सगळं सांगावं. एमआरआयमध्ये पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागतो, दम लागणाऱ्या पेशंटचे फोटो हलतात, तेही आधी बोलून ठेवावं. आणि सेंटरमधून निघताना फक्त कागदी रिपोर्ट घेऊन येऊ नका, फोटोंची सीडी मागून घ्या. मागचे आणि आत्ताचे फोटो शेजारी ठेवल्याशिवाय रेडिओलॉजिस्टला डाग वाढला की कमी झाला, हे नीट सांगता येत नाही.