आता बरं दिसतं, की आता?

डोळ्यांच्या इस्पितळात गेलेल्या माणसाला डॉक्टरांची खोली लगेच दिसत नाही. त्याआधी पांढरा कोट घातलेली एखादी तरुण मुलगी त्याला एका अंधाऱ्या खोलीत नेते, नाकावर एक जड, गोल फ्रेम चढविते, तीत एकामागून एक भिंगे घालते आणि विचारीत राहते, "आता बरं दिसतं, की आता?" आपण उत्तरे देतो, थोडे कंटाळतो आणि मनात म्हणतो, 'एकदाचे हे आटोपले, की खऱ्या डॉक्टरांकडे जाऊ.' बाहेर आल्यावर त्या मुलीचा चेहराही आपल्या ध्यानात राहत नाही. गंमत अशी, की पुढची दोन वर्षे आपण जगाकडे पाहणार असतो ते तिने काढलेल्या आकड्यांतून!

ही मुलगी पुष्कळदा ऑप्टोमेट्रीची विद्यार्थिनी असते. पदवी अजून तिच्या हाती पडायची असते. तिच्या सोबतीला मुलगेही असतात. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे शस्त्रक्रिया करणारा सर्जन नव्हे आणि चष्मे विकणारा दुकानदारही नव्हे. नजर मोजावयाची, चष्म्याचा नंबर काढावयाचा, कॉन्टॅक्ट लेन्स बसवावयाची, आणि डोळ्याला आजार असल्याचा संशय आला तर रुग्णाला वेळेवर डॉक्टरांच्या हवाली करावयाचे, हे त्याचे काम. आपल्याकडे या विद्येचे रीतसर शिक्षण १९५८ साली अलीगढ आणि हैदराबाद येथे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने सुरू झाले. १९८५ साली चेन्नईला शंकर नेत्रालयाच्या आश्रयाने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री निघाले आणि चार वर्षांचे शिक्षण आले. आता मुंबई-पुण्यातही अशी महाविद्यालये आहेत, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला संलग्न आरोग्यसेवेत अधिकृत स्थान दिले आहे.

या शिक्षणाच्या अखेरीस एक वर्ष असे येते, की कॉलेजचे दार मागे राहते. विद्यार्थी इंटर्न म्हणून इस्पितळांत, शिबिरांत, दूरच्या गावी काम करावयास जातात. वाचकहो, त्या वर्षाची हकिगत आज सांगावयाची आहे. कारण आपल्या डोळ्यांचे पुष्कळसे भवितव्य तेथे ठरते.

पुस्तकातला डोळा आणि खुर्चीतला माणूस

वर्गात शिकविलेला डोळा मोठा शहाणा असतो. तो हलत नाही, खोटे बोलत नाही, त्याला घरी जाण्याची घाई नसते. खुर्चीत बसलेला माणूस मात्र यातले सगळे करतो.

भिंतीवरच्या अक्षरांचा तक्ता स्नेलेन नावाच्या डच नेत्रवैद्याने १८६२ साली तयार केला. ६/६ म्हणजे निकोप नजरेला जे सहा मीटरवरून वाचता येते, ते तुम्हांलाही सहा मीटरवरून वाचता आले. ६/६० म्हणजे जे तिला साठ मीटरवरून दिसते, त्यासाठी तुम्हांला सहा मीटरवर यावे लागले. ६/६ च्या ओळीतले अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असते. येथवर गणित सोपे आहे. पण बाकावर वाट पाहत बसलेले आजोबा आधीच्या तीन रुग्णांचे वाचन ऐकून तक्ता तोंडपाठ करतात आणि खुर्चीत बसताच घडाघडा म्हणून दाखवितात! शाळकरी मुलगा डोळा झाकलेल्या हाताच्या बोटांतून हळूच पाहतो. चार दिवसांत इंटर्नला समजते, की डोळा तळव्याने झाकवावा आणि तक्ता अधूनमधून बदलावा.

मग येतो रेटिनोस्कोप. बाहुलीतून आत प्रकाशाची रेघ टाकावयाची आणि आतून परतणारी लालसर छाया कोणत्या दिशेने सरकते ते पाहावयाचे. क्युइन्ये नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८७३ साली दाखविलेली ही युक्ती आजही तान्ह्या मुलाचा, मुक्याचा, परभाषकाचा नंबर एक शब्दही न विचारता सांगते. मात्र ६६ सेंटिमीटरवर बसून तपासले, तर आलेल्या आकड्यातून दीड वजा करावा लागतो. हात आखूड असून अंतर पन्नास सेंटिमीटर झाले, तर वजाबाकी दोनाची. पाऊणशे रुग्णांच्या गर्दीत ही वजाबाकी एकदा राहिली, की कोणाच्या तरी नाकावर चुकीचा चष्मा बसतो, आणि तो बिचारा महिनाभर 'सवय होईल' म्हणून डोकेदुखी सोसतो.

शेवटचा निकाल मात्र यंत्राचा नसतो, रुग्णाचाच असतो. म्हणून तर तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावयाचा. "दोन्ही सारखंच दिसतं हो," असे कोणी म्हणाले, की नवखी इंटर्न गोंधळते. आपण चुकलो असे तिला वाटते. दोन महिन्यांनी तेच उत्तर ऐकून तिला हायसे वाटते. दोन भिंगांत फरक कळेनासा झाला, म्हणजे नेमका आकडा सापडला!

"पैकि चूडंडि!"

पुण्याची किंवा नांदेडची मुलगी हैदराबादला गेली, की पहिल्या आठवड्यात तिला दोन वाक्ये पाठ करावी लागतात. "पैकि चूडंडि," म्हणजे वर पाहा. "किंदिकि चूडंडि," म्हणजे खाली पाहा. एवढ्या भांडवलावर ती कामाला लागते. तेलुगू आजी तिच्या उच्चारांना हसतात, आणि हसलेला रुग्ण बरी उत्तरे देतो.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने, १९८७ पासून, नेत्रसेवेची रचना पिरॅमिडसारखी बांधत नेली. सुमारे ५०,००० वस्तीमागे एक लहान दृष्टिकेंद्र, पाच लाखांमागे एक दुय्यम रुग्णालय, आणि त्यांच्यावर मोठी इस्पितळे. या रचनेमागचे तत्त्व साधे आहे: माणसाला चष्म्यासाठी मजुरी बुडवून शहरात यावे लागू नये. अशा खेड्यांतल्या कामात इंटर्नला जे दिसते, ते शहरातल्या वातानुकूलित दवाखान्यात कधी दिसले नसते.

शाळेच्या व्हरांड्यात दोरीने सहा मीटर मोजून खडूची रेघ ओढतात आणि मुले रांगेत उभी राहतात. 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसविलेला एखादा मुलगा उणे तीनचा निघतो. त्याला फळा कधी दिसलेलाच नसतो. त्याहून अवघड गोष्ट आळशी डोळ्याची. एक डोळा उत्तम आणि दुसऱ्याचा नंबर मोठा, अशा मुलाचे कधी काही अडत नाही. मेंदू त्या दुसऱ्या डोळ्याचे ऐकणेच सोडून देतो. चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी बांधून तो डोळा पुन्हा कामाला लावता येतो. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मध्यम दोषाच्या मुलांना रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरली. परंतु हे सारे सात-आठ वर्षांच्या आत व्हावे हे उत्तम. जितका उशीर, तितके यश अवघड. व्हरांड्यातल्या त्या एका मिनिटात दुसरा डोळा तपासावयाचा राहिला, तर त्या मुलाची अख्ख्या आयुष्याची एक नजर राहून जाते.

आणि नंबर सापडला म्हणजे संपले, असेही नाही. मुलगी असेल तर आई हळूच विचारते, "चष्म्याशिवाय नाही का चालणार? उद्या हिचं लग्न ठरवायचंय." या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नसते. चार शब्द समजुतीचे सांगणे, हाही त्या वर्षाचा अभ्यासच!

न बोलणारे आजार

या विद्यार्थ्यांना सर्वांत आधी कोणते भान यावे लागते? आपल्या विद्येची हद्द कोठे संपते, याचे. जाड कागदाला सुमारे एक मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून पाहावयास लावतात. धूसर अक्षरे त्यातून स्पष्ट झाली, तर बहुधा चष्म्याने काम भागेल. झाली नाहीत, तर दोष भिंगाने जाणारा नसावा. मोतीबिंदू असेल, मधुमेहाने पडदा खराब झाला असेल, आणखीही काही असेल. भिंगे बदलीत बसण्याचा मोह तेथेच आवरावयाचा.

काचबिंदू तर याहून फसवा. तो दुखत नाही, आणि कडेची नजर खात खात येतो. रुग्ण ६/६ वाचून दाखवितो आणि तरीही डोळा आतून सुकत असतो. डोळ्याचा दाब साधारणपणे १० ते २१ असावा असे मानतात, पण तेवढ्या दाबातही काचबिंदू असू शकतो. म्हणून, "आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू होता का?" हा प्रश्न दाबाच्या आकड्याइतकाच मोलाचा असतो. आपण मात्र, 'चष्म्याचा नंबर काढायला आलो, खानदानाची चौकशी कशाला?' म्हणून वैतागतो.

दिवाळीत बहुतेक घरी फराळाचे ताट वाढलेले असते, तेव्हा मोठ्या नेत्ररुग्णालयांत फटाक्यांनी भाजलेले डोळे येतात आणि काही इंटर्न तेथे पाळीवर असतात. एरवी कोणताही उपचार करण्याआधी नजर मोजून लिहून ठेवावी, असा शिरस्ता. पण डोळ्यात चुना गेलेले मूल आले, तर तक्ता बाजूला! खाण्याच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून हे अपघात घडतात. आधी भरपूर पाण्याने डोळा धुवावयाचा, विचारपूस मागाहून. आई-बापांनीही घरीच धुण्यास सुरुवात करावी आणि मग इस्पितळ गाठावे. येथे मिनिटांवर सारे अवलंबून असते.

चाळिशीचे मोल

वय वाढले, की डोळ्यातले भिंग कडक होते आणि जवळचे दिसेनासे होते. आपल्या भाषेने या दुखण्याला आणि त्यावरच्या चष्म्याला एकच नाव दिले, चाळिशी. शहरात त्यावाचून वर्तमानपत्र अडते; खेड्यात सुई, सूप आणि पोट अडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे, जवळच्या नजरेचा दोष असूनही त्यावर उपाय न झालेली माणसे जगात ८२ कोटींवर होती. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर एक प्रयोग झाला; त्याचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना साधा जवळचा चष्मा दिला, त्यांची खुडणी इतरांच्या मानाने २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. शिबिरात दिवसभर 'फक्त चाळिशीचे' नंबर काढून कंटाळलेल्या इंटर्नने हा आकडा उशाशी ठेवावा.

घरच्यांचा हिशेब

मुलगी हा अभ्यासक्रम निवडते, तेव्हा घरी दोन प्रश्न हमखास निघतात. "म्हणजे तू डॉक्टर होणार का?" आणि, "नाही, तर मग एवढ्या लांब कशाला?" दूरच्या गावी तिघींत एक खोली, मेसचे जेवण, पहाटे शिबिराची गाडी, रात्री केसपेपर पुरे करणे; विद्यावेतन कोठे थोडेफार, कोठे मुळीच नाही. खर्चाचा हिशेब मांडला, तर बापाच्या कपाळावर आठी पडणे साहजिक आहे. काही ठिकाणी इंटर्न म्हणजे फुकटचा हात, असेही समजतात. रांग हटविण्यापुरते त्याला राबवितात आणि शिकविणारे कोणी जवळ उभे राहत नाही. म्हणून मुलीला पाठविताना खोलीच्या भाड्याबरोबर एवढे जरूर विचारावे, की तिचे काम रोज तपासून पाहणारे वडीलधारे कोणी तेथे आहे का? चूक दाखविणारा गुरू नसेल, तर वर्षभर हजारो डोळे पाहूनही तीच चूक पक्की होते.

मात्र वर्ष नीट गेले, तर घरी परतणारी मुलगी वेगळी असते. सुटीत आल्यावर तिचा पहिला रुग्ण घरचाच. वडील गेली दोन वर्षे वर्तमानपत्र हात लांब करून वाचीत असतात आणि "छपाईच हल्ली वाईट झाली आहे" म्हणत असतात. ती हसत नाही, वादही घालीत नाही. बॅगेतून भिंगांचा छोटा संच काढते, खिडकीपाशी खुर्ची ओढते आणि म्हणते, "बाबा, जरा बसा."

वाचकहो, तुमच्या घरी अशी लेक असो वा नसो, या दिवाळीत वर्तमानपत्र किती दूर धरले जाते आहे, ते एकदा पाहाच!