माकणीचा पाऊस: अंदाज कुणाचा, सल्ला कुणाचा, आकडा कुणाचा?

मृग जवळ आला की लोहारा तालुक्यातल्या माकणीत दोन प्रश्न हमखास निघतात: पेरायचं कधी आणि यंदा निम्न तेरणा भरेल का? उत्तरं मोबाइलवर येतात. ती तयार करण्यात भारत हवामान विभाग, परभणीचं कृषी विद्यापीठ, पुण्यातले संशोधक आणि राज्य सरकार अशा चौघांचा हात असतो. उत्तर चुकलं की बोल मात्र एकट्या ‘वेधशाळे’ला लागतो. म्हणून कोणाचं काम काय, ते नीट पाहू.

गैरसमज: पेरणीचा सल्ला हवामान खातं देतं.

वस्तुस्थिती: खातं देतं तो पुढच्या पाच दिवसांचा अंदाज: पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, ढग. त्यावरून शेतात काय करावं, हे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ ठरवतात. ‘ग्रामीण कृषी मौसम सेवा’ या योजनेत दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार पत्रक निघतं. ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका’ हा सल्ला विद्यापीठाचा. एक-दोन सरींनी वरची माती भिजते, खाली कोरडीच राहते. मग उघडीप पडली की उगवण वाया जाते आणि दुबार पेरणीचा खर्च बसतो.

हवामान आणि शेतीची ही जोडी नवी नाही. पुण्यात १९३२ साली हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला, त्याचं नेतृत्व डॉ. एल. ए. रामदास यांनी केलं.

गैरसमज: ही व्यवस्था एकदा उभी राहिली की कायमची.

वस्तुस्थिती: जिल्हा पातळीवर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये देशभर १९९ कृषी हवामान केंद्रं उघडली होती. तुळजापूरचं केंद्र त्यांतलंच. २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. विद्यापीठातली केंद्रं चालू आहेत, पण जिल्ह्यातल्या पिकाची रोजची अवस्था जवळून पाहणारा माणूस कमी झाला.

गैरसमज: मंडळातलं पर्जन्यमापक हवामान खात्याचंच.

वस्तुस्थिती: महसूल मंडळांत बसवलेली दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं ‘महावेध’ प्रकल्पाची आहेत. तो राज्य सरकारने स्कायमेट या खासगी कंपनीच्या साहाय्याने राबवला आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, तेव्हा पाहिला जातो तो मंडळाचा आकडा. मराठवाड्यात एका शिवारात ओढे वाहतात आणि चार किलोमीटरवर फुफाटा असतो, त्यामुळे यंत्र कुठे उभं आहे याला फार महत्त्व येतं.

गैरसमज: विमानाने फवारणी केली की पाऊस पाडता येतो.

वस्तुस्थिती: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात, म्हणजे आपल्या शेजारीच, हे तपासलं. निवडलेल्या २७६ ढगांपैकी काहींवर क्षारकण सोडले, काही तसेच ठेवले आणि रडार व पर्जन्यमापकांनी दोन्हींची तुलना केली. ही निरीक्षणं घ्यायला सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात यंत्रं बसवली होती. ज्या दिशेने वारा वाहत होता, त्या बाजूच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस नोंदला गेला. पण त्यासाठी ढग आधी असावा लागतो, आणि तोही योग्य जातीचा. कोरड्या आभाळातून थेंबही काढता येत नाही.

गैरसमज: हवामान बदल म्हणजे पाऊस कमी होणं.

वस्तुस्थिती: पाऊस पडण्याची तऱ्हाच बदलते आहे. याच संस्थेच्या रॉक्सी कोल यांनी देश-परदेशांतल्या सहकाऱ्यांसोबत २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. दुसरीकडे, २०२० च्या राष्ट्रीय अहवालानुसार १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. म्हणजे एकूण पाऊस कमी, पण पडतो तेव्हा धो धो. म्हणूनच विद्यापीठ सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरीचा आग्रह धरतं: खंड पडला तर ओल टिकते, अतिवृष्टी झाली तर जादा पाणी सरीतून निघून जातं.

गैरसमज: देशात पाऊस ‘सामान्य’ म्हणजे माकणीतही सामान्य.

वस्तुस्थिती: देशाची मोसमी सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की ‘सामान्य’. त्या एका आकड्यात चेरापुंजीही आली आणि लोहाराही. मे २०२५ मध्ये आलेली नवी ‘भारत फोरकास्ट’ प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकोनांत अंदाज काढते. आधीचा चौकोन बारा किलोमीटरचा होता. तरीही त्या चौकोनात अनेकांची शेतं येतात. आपल्याच बांधापुरता अंदाज कुणाकडेच नाही.

तेव्हा पत्रक हाती आलं की आधी तारीख आणि जिल्हा पाहा. पेरणी-फवारणीची शंका विद्यापीठाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारा, आणि नुकसानीच्या आकड्याचा वाद तहसीलमध्ये मंडळाची नोंद मागून सोडवा. दार चुकलं की उत्तर मिळत नाही, आणि हंगाम काही आपल्यासाठी थांबत नाही.