टोनर मागवण्याआधी फूटपट्टी शोधा

आजचा भाग ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर. मी दिवसभर कोड लिहितो, पण ‘कॉम्प्युटरवाला’ असा शिक्का बसला की प्रिंटरही आपल्याच गळ्यात पडतो. आणि तक्रार काहीही असो, पुढचं वाक्य ठरलेलं: “टोनर संपला असेल, नवीन मागव.” ओरिजिनल कार्ट्रिजचे काही हजार रुपये जातात आणि तोच काळा ठिपका पुन्हा पानावर हजर! ठिपका म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते ना? बिलावरच्या 4500 च्या बरोबर मध्ये पडला तर अकाउंट्सवाले 45.00 वाचतील.

आत काय चालतं ते थोडक्यात बघू. ड्रम नावाच्या गोल नळीवर विजेचा भार दिला जातो. लेझर त्यावर अक्षरं काढतो, तिथे टोनरची पूड चिकटते, ती कागदावर उतरते. मग फ्यूजर ती उष्णतेने आणि दाबाने कागदात पक्की बसवतो. यातले बहुतेक भाग गोल फिरणारे आहेत, आणि आपली सगळी गंमत इथेच आहे. फिरणाऱ्या भागावर एका जागी ओरखडा किंवा घाण असेल, तर प्रत्येक फेरीला डाग पडणार. म्हणजे दोन डागांमधलं उभं अंतर हा त्या भागाचा परीघ. शाळेतला पाय इथे कामाला येतो. 24 मिलिमीटर व्यासाचा ड्रम असेल तर साधारण 75 मिलिमीटरवर डाग, 30 चा असेल तर 94 वर. ए4 पान 297 मिलिमीटर लांब, त्यामुळे एका पानात तीन-चार डाग सहज मोजता येतात. कुठल्या रोलरचं अंतर किती, याचा तक्ता बऱ्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

अंतर ड्रमचं निघालं तर एक गोष्ट बघा. छोट्या प्रिंटरमध्ये ड्रम बहुतेकदा कार्ट्रिजमध्येच असतो, तिथे कार्ट्रिज बदलणं बरोबर. पण काही मॉडेलमध्ये ड्रम युनिट वेगळं असतं. तिथे टोनर दहा वेळा बदला, डाग हलणार नाही. आणि नुसतं रिफिल केलं तर जुनाच ड्रम आत राहतो, हे लक्षात असू द्या.

अक्षरं बोटाने पुसली जातायत? मग संशय फ्यूजरवर किंवा कागदावर. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उघडी ठेवलेली रीम ओल धरते. दमट कागदावर पूड नीट उतरत नाही, पक्की बसतही नाही. आधी नवीन रीम फोडून एक पान काढा. कागद जाड असेल तर सेटिंगमध्येही जाड कागद निवडा.

उभा पांढरा पट्टा आला तर कार्ट्रिज काढून आडवं धरा, हलकेच डावी-उजवीकडे हलवा. प्रिंट सुधारली तर टोनर खरंच संपत आलाय. नाही सुधारली तर लेझरच्या काचेवर धूळ असू शकते.

आता माझी आवडती केस. झेरॉक्स काढताना पानभर उभी काळी रेघ येते, पण कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली की पान स्वच्छ. इथे प्रिंटरचा काहीच दोष नाही! वरच्या फीडरमधून कागद सरकतो तिथे मोठ्या काचेशेजारी एक अरुंद काचपट्टी असते. तिच्यावर व्हाइटनरचा कण चिकटलेला असतो, बस्स. किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा.

दोन गोष्टी मात्र करू नका. फ्यूजर भयंकर तापतो, त्याला हात नको. आणि ड्रम उजेडात उघडा ठेवू नका, त्याने तो खराब होतो. पूड सांडली तर घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, बारीक पूड त्याच्या फिल्टरमधून परत हवेत येते. कपड्यावर पडली तर झटका आणि थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती पक्की बसते.

एवढं करूनही मेकॅनिकला बोलवावं लागलं, तर “प्रिंट खराब आहे” असं सांगू नका. “75 मिलिमीटरवर डाग येतोय” म्हणा, आणि ते पान जपून ठेवा.