‘ऑर्डर बंद’ची पाटी

रमजान ईद किंवा दिवाळी जवळ आली की टेलरच्या दुकानाबाहेर एक पाटी लागते : ‘ऑर्डर बंद’. आपण कापडाची पिशवी घेऊन जातो, पाटी वाचतो आणि मास्तरांवर चिडून परततो. मला मात्र त्या पाटीत छोट्या धंद्यातलं मोठं शहाणपण दिसतं. मशिनी किती, कारागीर किती, याचा हिशेब मास्तरांना पक्का ठाऊक असतो. कात्री एकदा चालली की कापड पूर्ववत होत नाही. थकलेल्या हातानं बेतलेला सदरा कोणालाच नको असतो.

मग हे शहाणपण सण संपल्यावर कुठं जातं?

नोकरदाराच्या सुट्टीमागं इतिहास आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १८९० साली रविवार मोकळा झाला. पुढं १९४८ च्या दुकाने व संस्था कायद्यानं, काही अपवाद सोडले तर, दुकानालाच आठवड्यातून एक दिवस कुलूप लावलं. त्या निमित्तानं मालकही घरी बसायचा. २०१७ च्या नव्या कायद्यानं दुकान वर्षभर उघडं ठेवायला मुभा दिली. मोठ्या दुकानांतल्या कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टीची तरतूद राहिली. मालकाच्या सुट्टीची मात्र कुठंच नाही. ती त्याची त्यानंच ठरवायची.

न ठरवली तर काय होतं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या स्पष्ट केली. हा आजार नव्हे. कामाच्या सततच्या, न आवरलेल्या ताणातून येणारी ही अवस्था. तिच्या खुणा तीन : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मन विटणं आणि हातून नीट काही होत नाही असं वाटू लागणं. याच संघटनेनं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. आता हिशेब करा. सकाळी नऊ ते रात्री अकरा दुकान म्हणजे चौदा तास. सोमवारी सुरुवात केली तर गुरुवारी रात्रीच छप्पन्न तास भरतात!

माझ्या ओळखीच्या एका मास्तरांनी यावर साधे उपाय केले. पावतीवर ते तारीख लिहितात ती दोन दिवस हाताशी ठेवून. त्यामुळं वायदा पाळता येतो. रात्री नऊनंतर ‘झाले का कपडे?’ या व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर सकाळीच. जुन्या कारागिराला त्यांनी कटिंग शिकवलं, दुकानाची एक किल्ली दिली. मंगळवारी दुकान बंद. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं तुटली. “पण मंगळवारी बंद असतं हे एकदा लोकांना कळलं की ते सोमवारी येतात,” असं ते म्हणतात.

आमच्याकडं शुक्रवारच्या नमाजाची एक शिकवण आहे. अजान झाली की खरेदी-विक्री सोडा. नमाज संपली की पुन्हा रोजीच्या शोधात पांगा. यात धंदा वाईट म्हटलेला नाही. त्याला फक्त थांबा दिला आहे. शेतकरीही दुपारी बैलांचं जू सोडतोच. जो न्याय बैलाला, तो मालकानं स्वतःला का लावू नये?

यात आपलाही वाटा आहे, मंडळी. ईदचे, दिवाळीचे कपडे महिनाभर आधी टाकावेत. आणि पाटी दिसली, तर ‘माझं एवढं एकच’ असं म्हणू नये. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एकच असतं. मास्तरांकडं ती सगळी जमतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)