मार्गदर्शन, व्यवस्थापकीय

उद्योगधंद्यांतील व्यवस्थापकांची नेतृत्वक्षमता वाढावी, या हेतूने एखाद्या जाणकार व्यक्तीने त्यांच्याशी ठराविक काळ नियमितपणे केलेला प्रश्नोत्तररूप संवाद. व्यवहारात यास ‘कोचिंग’ म्हणतात. मात्र परीक्षेच्या तयारीसाठी चालणाऱ्या शिकवणी-वर्गांशी त्याचा संबंध नाही. ‘कोच’ हा शब्द हंगेरीतील कोच या गावच्या घोडागाडीवरून आला. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोलीत तो खाजगी शिक्षकास व पुढे क्रीडाशिक्षकास लावला जाऊ लागला.

या पद्धतीची आधुनिक बैठक क्रीडाक्षेत्रातून आली. अमेरिकन टेनिस-शिक्षक टिमथी गॅलवे यांनी द इनर गेम ऑफ टेनिस (१९७४) या ग्रंथात, खेळाडूच्या मनातील साशंकता हाच त्याच्या खेळातील मोठा अडसर असतो, असे प्रतिपादन केले. ब्रिटिश मोटारशर्यतपटू सर जॉन व्हिटमोर (१९३७–२०१७) यांनी हा विचार व्यवस्थापनक्षेत्रात रुजविला. साध्य, वस्तुस्थिती, पर्याय व निर्धार या चार पायऱ्यांचा त्यांनी पुरस्कार केलेला क्रम सर्वत्र प्रचलित आहे.

उत्तम अभियंता वा लेखापाल बढती मिळाल्यावर उत्तम नेता होतोच, असे नाही. ज्या तत्परतेमुळे त्याला बढती मिळते, तीच पुढे हाताखालच्यांवर काम सोपविण्याच्या आड येते. हा दोष त्याला स्वतःला सहसा दिसत नाही. म्हणून वरिष्ठ, सहकारी व कनिष्ठ यांची मते गोपनीय रीतीने मिळवून ती त्याच्यापुढे ठेवतात. मार्गदर्शक उत्तरे सांगत नाही. प्रश्न विचारून व्यवस्थापकाला ती शोधावयास लावतो. ठरविलेला बदल प्रत्यक्ष कामात करून पाहावयाचा आणि पुढील भेटीत त्याचा आढावा घ्यावयाचा, असा क्रम चालतो. स्वतः शोधलेल्या उपायाची जबाबदारी माणूस अधिक मनापासून स्वीकारतो, हे यामागील तत्त्व होय.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. शुल्क बहुधा कंपनी देते, तर मन मोकळे करतो तिचा नोकर. त्यामुळे संवादातील कोणती माहिती कंपनीस कळवावयाची, हे आरंभीच ठरविणे अगत्याचे असते. अन्यथा विश्वास उरत नाही व संवाद निष्फळ ठरतो. मानसिक विकारावर हा उपचार नव्हे. तसेच सदोष वेतनपद्धती किंवा अपुरे मनुष्यबळ यांसारख्या संघटनात्मक उणिवा त्याने दूर होत नाहीत. अमेरिकेत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोच महासंघाने या व्यवसायासाठी आचारसंहिता व प्रमाणपत्रे ठरविली आहेत. तथापि भारतात त्यासाठी वैधानिक परवाना लागत नसल्याने मार्गदर्शकाची पात्रता पारखून घेणे इष्ट ठरते.