सरकी, सूत आणि सुया

दसरा उलटला की नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात कपाशीची वेचणी सुरू होते. वेचणीआधी शेतात ‘सीतादही’ करण्याची चाल विदर्भात अजून टिकून आहे. कपाशीच्या ओळीत दगडांचे देव मांडायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. वेचणीला बहुतेक बायाच असतात. कापूस जिनात जातो. शंभर किलोंमागे चौतीस-पस्तीस किलो रुई सुटते, बाकी मुख्यतः सरकी. सरकीचं तेल निघतं, ढेप गुरांपुढे पडते आणि रुईच्या १७० किलोंच्या गाठी ट्रकमध्ये चढतात. त्यांचं सूत कुठल्या गावी निघेल आणि कापड कुठे विणलं जाईल, हे पिकवणाऱ्याला कधीच कळत नाही.

पण थोडा कापूस घरी राहतो. कोनाड्यातल्या डब्यात, उतरंडीशेजारच्या गाठोड्यात, देवघराच्या फळीवर. कापूस पिकवणाऱ्या मुलखाचा इतिहास सहसा बाजार, रेल्वे आणि गिरणीचा म्हणून लिहिला जातो. त्या मापानं पाहिलं तर हा डब्यातला कापूस नगण्य. माझं म्हणणं असं, की कापसाविषयीचं हातांचं जे ज्ञान या भागात उरलं आहे, ते याच कापसाभोवती उरलं आहे, आणि ते जवळजवळ सगळं बायकांकडे आहे.

साधी वात घ्या. सरकी बोटांनी काढायची. कापूस जास्त असेल तर पाटावर ठेवून लोखंडी सळई फिरवायची, सरकी पुढे पळते आणि रुई मागे राहते. मग रुई पिंजून तिचे तंतू एका दिशेला आणायचे. ही पायरी गाळली तर वात गाठाळ होते आणि मध्येच विझते. मग तळहातावर किंवा मांडीवर वळायची, बोटांना राखेचा नाहीतर दुधाचा हात लावून. समईची वात लांब आणि सारख्या जाडीची हवी. निरांजनातली फुलवात खाली पसरट आणि वर टोकदार, कारण तिला तुपात स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं. काकड्याची वात जाडजूड. ज्यांच्या परसात देवकापसाचं झाड असतं त्या घरी वातींसाठी बाजारचा कापूस वापरत नाहीत. हे झाड वर्षानुवर्षं टिकतं आणि त्याची रुई थोडी असली तरी घरच्या देवाला पुरते. चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरणाऱ्या बाया असतात. लाख वाती वळून झाल्यावर त्या बोटांना तंतूची जी जाण येते, ती कुठल्या प्रशिक्षण वर्गात मिळणार?

गौरी-गणपतीची, हरतालिकेची कापसाची वस्त्रं हा याच्या पुढचा धडा. पिंजलेल्या रुईची सलग पट्टी ओढत न्यायची, ठरावीक अंतरावर ओल्या कुंकवाच्या चिमटीने दाबायची, म्हणजे मण्यांची माळ तयार होते. पट्टी तुटू न देता ओढत नेणं सोपं नाही. चरख्यावर पेळूतून धागा ओढताना हात हेच करतो, तिथे फक्त पीळ जास्त पडतो. कापसाचा तंतू वाळला की चपटा होऊन स्वतःभोवती वळतो. म्हणून तंतू एकमेकांत अडकतात आणि थोड्या पिळानेही धागा धरतो. तंतू मोकळे करा, ओढा, पीळ द्या: सूतगिरणीतलं अवाढव्य यंत्र याहून वेगळं काही करत नाही.

एके काळी हे ज्ञान वातीपुरतं नव्हतं. पूर्व विदर्भात घरोघर सूत निघे. चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडचं, हातसूत बारीकपणासाठी नावाजलेलं होतं. हिंगणघाटकडच्या ‘बनी’ कापसाला व्यापारी शोधत येत. कोष्टी समाज तलम, रेशीमकाठी कापडासाठी प्रसिद्ध होता. महार समाजातही कातणं-विणणं हा मोठा व्यवसाय होता, आणि शेतकऱ्याच्या अंगावरचं जाडंभरडं टिकाऊ कापड बरंचसं त्या मागांवरचं असे. या दुसऱ्या परंपरेची आठवण आपल्या लेखनात फार कमी येते. ती यायला हवी.

मग १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि विलायतेची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कच्चा कापूस बाहेर नेणं सोपं झालं, तसं गिरणीचं सूत आत आणणंही सोपं झालं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. घरोघरचं कातणं आधी बसलं, कारण यंत्राच्या स्वस्त सुतापुढे चरख्याची मजुरी टिकेना. विणणं मात्र तगलं. गिरणीचं सूत विकत घेऊन कोष्टी हातमागावर कापड काढत राहिले. घर आणि कापूस यांतला दुवा तुटला तो कातण्याच्या पायरीवर, आणि ही पायरी बायकांची होती. त्यांची मिळकत गेली, पण गिरण्या बंद पडल्यावर जसे मोर्चे निघाले तसा एकही मोर्चा त्यांच्यासाठी निघाल्याचं कुणी सांगत नाही.

हा दुवा पुन्हा जोडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न वर्ध्यात झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला तिथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग म्हणून कातण्या-विणण्याचा अभ्यासक्रम आखला. टकळीवर सूत काढता काढता मुलाने गणित शिकावं, शेती शिकावी, भूगोल शिकावा, अशी ती कल्पना. ३० डिसेंबर १९३८ ला मगनवाडीत खादी-ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय उघडलं. पण मला त्या काळातली सर्वांत मोलाची वाटते ती मजुरीची चर्चा. कातणारीच्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे पाहण्यासाठी विनोबा भावे वर्ध्याजवळच्या नालवाडीत स्वतः रोज तासन् तास कातत बसले. १९३५ मध्ये अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना पोट भरेल इतकी मजुरी द्यायचं धोरण स्वीकारलं. खादी त्यामुळे महागणार हे ठाऊक असूनही ते स्वीकारलं. हातकामाचं नुसतं कौतुक करण्याऐवजी त्याचा दाम ठरवायचा, एवढी हिंमत नंतर फारशी कुणी दाखवली नाही.

सावनेर तालुक्यात विणकाम पाहायचं तर खाप्याला जायचं. कन्हान नदीच्या काठचं हे जुनं गाव. बाहेरचे लोक त्याला आता जवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीमुळे ओळखतात, पण जुन्या गॅझेटियरात खाप्याची ओळख हातमागाच्या कापडाची आहे. कोष्टी वस्तीतल्या जुन्या घरांची रचनाच मागासाठी केलेली असे. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसलेला, पायाखाली पावड्या, समोर फणी आणि हातात धोटा. जमिनीलगत गारवा राहतो आणि हवेत ओल टिकते. सुती ताण्याला ती ओल हवीच, कोरड्या हवेत धागा तटतट तुटतो. नागपूरकडच्या उन्हाळ्यात माग चालवायचा तर खड्ड्याला पर्याय नव्हता.

एका साडीत श्रम किती असतात, याचा हिशेब कागदावरही करता येतो. ४८ इंच पन्हा आणि इंचाला ६० धागे धरले तर ताण्यात २,८८० उभे धागे येतात. नऊवारीची लांबी ३२४ इंच. आडवे धागेही इंचाला ६० धरले तर धोटा १९,४४० वेळा इकडून तिकडे जायला हवा. सूत ६० नंबरी असेल तर एका पौंडात ते सुमारे ४६ किलोमीटर भरतं. सावनेरहून निघून नागपूर गाठावं, तरी हातात सूत शिल्लक राहील. या सुताचा प्रत्येक मीटर मागावर चढण्याआधी कुणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो.

कुणाच्या, हे महत्त्वाचं. मागावर बसणारा तो विणकर, असं आपण म्हणतो. पण लडी सोडवणं, रहाटावर कांड्या भरणं, ताणा काढणं, फणीत धागे ओवायला मदत करणं हे घरच्या बायकांचं आणि मुलांचं काम. पांजणी तर सगळ्या घराची. भल्या पहाटे गल्लीत ताणा लांबच लांब ताणायचा, पिठाची खळ द्यायची, मोठ्या कुंच्याने एका दिशेने घासत न्यायचा आणि ऊन चढायच्या आत वाळवून गुंडाळायचा. खळ जास्त झाली की धागा कडक होऊन मोडतो, कमी झाली की फणीत घासून फुसफुशीत होतो. पावसाची सर आली की दिवस वाया. नवा ताणा चढवताना जुन्याच्या प्रत्येक टोकाला नव्याचं टोक पिळून जोडायचं, बोटाला राख लावून, एकेक करत २,८८० वेळा. वातीला बोटांनी जो पीळ द्यायचा, तोच इथेही. विणकराला मजुरी मिळे ती लुगड्यामागे. त्यातला बायकोचा वाटा वेगळा कुणी मोजला नाही.

भंडाऱ्याकडे मोहाडी, आंधळगावच्या बाजूला करवतकाठी साडी विणतात. तिचं अंग टसरचं, म्हणजे कोशाच्या रेशमाचं. ते किडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवतात. तिचे काठ आणि अंग यांना वेगळे धोटे लागतात. दोन्हीकडचे आडवे धागे प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवावे लागतात, म्हणून काठाशी करवतीचे दाते उमटतात. हे काम एकट्याने जलद होत नाही. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव वाचलं. खाप्याच्या किंवा उमरेडच्या साध्या सुती लुगड्याला मात्र कुणी वाली राहिला नाही. नऊवारी नेसणं कमी झालं, यंत्रमागाने रोजच्या वापराचं कापड स्वस्त केलं. कापडाचे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये झाला, पण यंत्रमाग थांबले नाहीत. राज्याचं हातमाग महामंडळही नागपुरातच उभं राहिलं. तरी विणकराचा मुलगा मागावर बसत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

लुगडं विटलं तरी त्याचं काम संपत नाही, ते गोधडीत जातं. पाच-सात पदर अंथरायचे, सगळ्यांत मऊ लुगडं वर, फाटकं मधे, कडेने आत आत जाणारा धावदोरा. शेकडो वेळा धुतलेल्या सुताला जो मऊपणा असतो तो नव्या कापडाला येत नाही. बाळाला पहिली दुपटी जुन्या लुगड्याची घालतात त्यामागे हीच समज आहे. माझ्या आजीची गोधडी घरात अजून वापरात आहे. तिच्यातले धावदोऱ्याचे टाके एका ठिकाणी अचानक मोठे होतात. आजीला कमी दिसू लागल्यावर राहिलेला भाग आईने शिवला, तो तिथून सुरू होतो.

लोकरीचं विणकाम या मातीत खूप उशिरा आलं, मिशनच्या मुलींच्या शाळांमधून आणि नंतर हस्तव्यवसायाच्या तासातून. नागपूरच्या उन्हाचा बोलबाला एवढा, की इथल्या थंडीकडे कुणाचं लक्ष जात नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. सावनेरच्या उघड्या शेतशिवारात रात्री गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्याला स्वेटर ही चैन नाही. त्यामुळे दिवाळीनंतर ओसरीवर सुया निघायच्या. १९६२ च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तेव्हा सुया घराबाहेरच्या कामालाही लागल्या.

विणण्याचं तंत्र मागापेक्षा अगदी निराळं आहे. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना धरतात, म्हणून कापड ताठ. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा निघतो, म्हणून वीण ताणते आणि सोडली की मूळपदावर येते. सुलटे आणि उलटे, टाके दोनच. मानेचा आणि हातोप्यांचा काठ एक सुलटा-एक उलटा घालून विणतात, कारण तिथे लवचीकपणा जास्त हवा. एकच धागा असल्यामुळे वीण उसवताही येते, आणि आपल्या घरांनी तिचा हाच गुण सर्वांत जास्त वापरला. मोठ्याचा स्वेटर आखूड झाला की उसवायचा, लोकरीच्या लडी करून कोमट पाण्यात धुवायच्या, वजन बांधून वाळवायच्या म्हणजे जुन्या टाक्यांच्या सुरकुत्या जातात, आणि नवा रंग जोडून धाकट्याचा विणायचा. त्यातून उरलेल्या लोकरीचं बाळाचं टोपडं, मोजे, कुंची.

मापं कुठे लिहिलेली नसतात. वितीने आणि बोटांनी मोजतात, पाठीवर धरून टाके वाढवतात. शेजारणीच्या स्वेटरची जाळी एकदा पाहून घरी येऊन उतरवणाऱ्या बाया सावनेर-केळोदच्या आळ्यांत आजही भेटतील. त्यांना विचारलं तर ‘रिकामपणी करते’ एवढंच सांगतात. लुधियानाचे तयार स्वेटर आल्यावर ही गरज उरली नाही. हिवाळ्यात नागपुरात तिबेटी विक्रेत्यांच्या रांगा लागतात, तिथे हाताने विणायला लागणाऱ्या लोकरीच्या किमतीत आख्खा स्वेटर मिळतो. आता सुया चालतात त्या नातवंडांसाठी, आणि क्रोशाची सुई तोरणांसाठी, ताटावरच्या रुमालांसाठी.

२०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाख २२ हजारांहून जास्त विणकर आणि पूरक कामगार नोंदले गेले, त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. कांड्या भरणारी, ताणा काढणारी बाई निदान ‘पूरक कामगार’ म्हणून या गणनेत आली, ही चांगली गोष्ट. वात वळणारी, गोधडी शिवणारी, स्वेटर विणणारी कुठल्याच गणनेत नाही. त्या वस्तू बाजारात जात नाहीत हे कारण मला पटत नाही. त्या बाजारात जातात. सावनेरच्या किराणा दुकानात आता वातींची पाकिटं मिळतात, शहरांतल्या प्रदर्शनांत गोधड्या हजारो रुपयांना विकल्या जातात. वस्तूला किंमत आली, करणारीला मात्र अजून आली नाही.

वर्ध्याला गोपुरीतलं ग्रामसेवा मंडळ आणि मगन संग्रहालय समिती आजही कापसापासून खादीपर्यंतचं काम करतात, नैसर्गिक रंगांवर काम करतात. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर शेतांतून हद्दपार होत गेलेल्या देशी वाणांचा अभ्यास तिथे होतो. आखूड, जाड धाग्याचा देशी कापूस सूतगिरणीला नको असतो. वातीला, गोधडीत भरायला, हाताने कातायला तो उत्तम. खाप्याला ज्यांनी पांजणी केली आहे अशा बाया आता सत्तरीच्या पुढे असतील. खळ किती दाट करायची, कुंचा कसला, फणीत ओवताना कुठून सुरुवात करायची, कामाच्या प्रत्येक पायरीला घरात काय म्हणत, हे त्यांच्याकडून ऐकून, टिपून, चित्रित करून घेण्याचं काम सावनेरच्या महाविद्यालयातली मुलं एका हिवाळ्यात करू शकतील. सोबत त्या बायांना त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. विनोबांनी कातणारीच्या मजुरीचा प्रश्न जितक्या गांभीर्याने घेतला, तितक्याच गांभीर्याने.