संगीतसंग्रहाच्या तबकड्या : प्रत, पडताळा आणि स्थलांतर

भिंगार हे अहिल्यानगर शहराला लागून असलेले छावणीचे गाव. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि यांत्रिकी पायदळाचे केंद्र याच परिसरात असल्याने बदलीनिमित्त बिऱ्हाडे हलणे येथे नित्याचे आहे. बिऱ्हाडाबरोबर गाण्यांचा संग्रहही हलतो. ग्रामोफोनच्या तबकड्या जड आणि ठिसूळ, कॅसेटचा खोका ऐसपैस; म्हणून संगणकाच्या दुकानांतून ‘सीडी मारून’ मिळू लागल्या तेव्हा अनेक घरांनी आपली गाणी त्यांवर उतरवून घेतली. आज त्याच सीडी कपाटांत आणि पत्र्याच्या ट्रंकांत पडून आहेत आणि त्या वाचणारे यंत्र नव्या लॅपटॉपमध्ये उरलेले नाही. या संग्रहाची प्रत कशी करावी आणि तो पुढच्या साधनावर कसा न्यावा, हे समजण्यासाठी आधी तबकडीची घडण पाहिली पाहिजे.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेली संहत तबकडी, म्हणजे सीडी, ऑक्टोबर 1982 मध्ये जपानच्या बाजारात आली. तिचा व्यास 120 मिलिमीटर, जाडी 1.2 मिलिमीटर. एका सेकंदाच्या आवाजाचे 44,100 नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांत, डाव्या व उजव्या वाहिनीसाठी स्वतंत्रपणे नोंदवला जातो. या नोंदी सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल मार्गावर असतात. दोन फेऱ्यांमधील अंतर 1.6 मायक्रोमीटर, तर संपूर्ण मार्गाची लांबी सुमारे पाच किलोमीटर भरते. 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण या मार्गावरून फिरतो आणि परावर्तनातील फरकावरून अंक ओळखतो.

तबकड्यांचे वर्गीकरण निर्मितीच्या रीतीवरून तीन प्रकारांत होते. कंपनीने विकलेली सीडी साच्यात दाबून काढलेली असते, तिचे खळगे खरेखुरे असतात. दुकानात ‘मारून’ मिळालेल्या एकलेखी तबकडीत खळगे नसतात. सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लेसरने डाग पाडलेले असतात. पुनर्लेखी तबकडीत रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असून तो पुसून पुन्हा लिहिता येतो. जतनाच्या दृष्टीने या तिसऱ्या प्रकाराचा विचार करू नये. पहिल्या दोहोंतील भेद मात्र मोलाचा आहे. रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने फिके पडते, आणि अहिल्यानगरचा उन्हाळा चाळीस अंशांपर्यंत सहज जातो. मोटारीच्या काचेखाली ठेवलेली एकलेखी सीडी काही वर्षांत निकामी झाली तर त्यात नवल नाही. शेजारीच ठेवलेली कंपनीची सीडी बहुधा चालू राहते. दमट हवेत चांदीसारख्या परावर्तक थराला धोका असतो, त्या बाबतीत पर्जन्यछायेतील हा कोरडा प्रदेश कोकणापेक्षा सुदैवी म्हणायचा.

सीडी हाताळताना लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजू बिनधास्त घासतात. वास्तविक चकचकीत बाजूला पॉलिकार्बोनेटचे जाड कवच असते. नोंदींचा थर छापील बाजूच्या अगदी लगत, केवळ लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेनने दाबून लिहिलेले ‘भक्तिगीते – 2’ खालच्या परावर्तक थरालाच इजा करू शकते. डीव्हीडीत हा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे त्या बाजूने ती अधिक सुरक्षित आहे.

आशयावरूनही दोन भेद पडतात : श्राव्य तबकडी आणि विदा तबकडी, म्हणजे डेटा सीडी. श्राव्य तबकडीत 2352 बाइटांचा प्रत्येक खंड आवाजासाठीच वापरला जातो. विदा तबकडीत त्यांपैकी 2048 बाइटच आशयाला मिळतात. उरलेल्यांतील बहुतेक जागा दोषशोधन आणि दोषदुरुस्तीच्या जादा संकेतांना दिलेली असते. दोषदुरुस्तीची मूळ व्यवस्था दोन्हींत असतेच आणि सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा ती भरून काढते. पण त्यापलीकडे नुकसान झाले की श्राव्य सीडी वाजवणारा प्लेअर गहाळ नमुना शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरतो. ऐकणाऱ्याला काही कळत नाही. गाणे ठीक वाजते, म्हणजे तबकडी ठीक आहे, हा समज त्यामुळे फसवा ठरतो. संगणकावर गाणे उतरवून घेताना प्रत्येक खंड पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहणारी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखी आज्ञावली वापरावी, ती याचसाठी.

कोणत्या रूपात साठवावे, याचे उत्तर उदाहरणाने स्पष्ट होईल. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण 1955 पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. त्यात 56 गीते आहेत. गीत सरासरी सात मिनिटांचे धरले, तर एकूण 392 मिनिटे होतात. ऐंशी मिनिटांच्या श्राव्य सीडी घेतल्या तर पाच लागतील. हेच मूळ अंक जसेच्या तसे विदा म्हणून लिहिले तर सुमारे 4.15 अब्ज बाइट होतात आणि 4.7 अब्ज बाइटांच्या एका डीव्हीडीत सारे मावते. 128 किलोबिटांच्या एमपीथ्री रूपात अर्ध्याहून थोडी अधिक सीडी पुरते, परंतु ही बचत कानाला कमी जाणवणारे ध्वनितपशील कायमचे टाकून केलेली असते आणि पुन्हा रूपांतर करताना ऱ्हास वाढतो. जतनासाठी फ्लॅक हे अक्षय संपीडन वापरावे. त्यात आकार बराच घटतो, अंक एकही हरवत नाही, शिवाय मूळ आवाजाची पडताळा-संख्या, म्हणजे चेकसम, फाइलमध्येच नोंदलेली असते. ऐकण्यासाठी एमपीथ्री खुशाल ठेवावी. ती मूळ प्रत मानू नये.

फाइलींच्या मराठी नावांची अडचण वेगळीच आहे. तबकडीवरील नावांची ज्युलिएट ही पद्धत देवनागरी स्वीकारते, पण मर्यादा 64 संकेतांची. ‘ज्ञानेश्वरी’ वाचताना चार अक्षरे दिसतात. संगणक मात्र मात्रा आणि हलन्त धरून अकरा मोजतो. राग, गायक, ताल, मैफलीचे गाव असे सारे नावात कोंबले की शेपूट कापले जाते. नाव आटोपशीर ठेवून तपशील सोबतच्या मजकूर-फाइलीत लिहिणे हा चांगला मार्ग होय.

अंकीय रूप दिले म्हणजे काम संपले, असे नाही, हे महाराष्ट्रातील एका थोर संग्रहावरून दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील शंभराहून अधिक तासांचे गायन 1990च्या दशकात अंकीय ध्वनिफितींवर घेतले गेले. फिती अंकीय होत्या, पण 2005 च्या सुमारास सोनीने त्या वाजवणारी यंत्रे बनवणेच थांबवले. संग्रह टिकला तो वेळीच संगणकावर उतरवल्यामुळे. आज तो ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या माध्यमातून ऐकता येतो. सीडी आणि डीव्हीडी आता त्याच वळणावर आहेत. यूएसबीने जोडायचा बाह्य ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. तोवर तबकड्या उतरवून एक प्रत हार्ड डिस्कवर आणि दुसरी भिन्न माध्यमावर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. दुसरी प्रत तबकडीवरच हवी असेल तर खनिजसदृश थरावर कोरली जाणारी एम-डिस्क एकलेखी सीडीपेक्षा भरवशाची. तिच्या हजार वर्षांच्या दाव्याची प्रचिती घ्यायला आपण कोणी नसणार, ही गोष्ट निराळी. पडताळा-संख्या मात्र दर दोन-तीन वर्षांनी तपासाव्यात. बदलीचे सामान बांधण्याआधीचा दिवस त्याला सोयीचा.

कायद्याविषयी थोडक्यात. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये खासगी वापरासाठीच्या उचित व्यवहाराला मुभा आहे; प्रती विकण्याला किंवा वाटण्याला ती लागू नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, पण गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात.

सगळे एकदम उतरवणे होत नसेल तर क्रम असा धरावा : आजीच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचा काकडा, घरच्या लग्नातला सनई-चौघडा यांच्या सीडी पहिल्यांदा. कंपनीच्या सीडीतील गाणी दुसरीकडे कोठे तरी सापडतील. या कोठेही मिळणार नाहीत.